मोजदाद आणि न्याय



संगणकविद्येने ज्या रेडमंड नगरीचे नाव जगभर नेले, तिथे इतकी मराठी कुटुंबे आपल्या मुलामुलींच्या विद्यासंपादनाचा आनंद साजरा करण्यासाठी एकत्र आलेली पाहून कोणाचेही मन प्रसन्न होईल. तुमच्यापैकी कोणी वैद्यकाचा, कोणी परिचर्येचा, कोणी कायद्याचा, तर कित्येकांनी संगणकशास्त्राचा अभ्यास पुरा केला आहे. म्हणून या चारही विद्यांची जिथे गाठ पडते, त्या विषयावर, म्हणजे शस्त्रक्रियेतील टाळता येण्याजोग्या प्रमादांवर आणि त्यांबद्दल रुग्णाला मागता येणाऱ्या दादीवर, बोलण्याची मी अनुज्ञा घेतो.

1963 सालच्या जुलै महिन्यात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात नुकत्याच प्रसूत झालेल्या एका स्त्रीवर 13 तारखेला संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. तिची प्रकृती ढासळत गेल्यामुळे 19 तारखेला पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत राहून गेलेला टॉवेल सापडला, आणि 24 तारखेला तिने प्राण सोडला. घरच्यांनी सरकारवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने 36,000 रुपयांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने तो पुन्हा कायम केला. पोटात टॉवेल राहणे हीच हयगयीची साक्ष आहे, चूक नेमकी कोणाच्या हातून झाली हे सिद्ध करीत बसण्याचे वादींना कारण नाही, आणि आपल्या नोकरांच्या हयगयीची जबाबदारी सरकारला झटकता येणार नाही, हे त्या निकालाचे सार होय. न्याय मिळाला खरा. परंतु तो मिळेपर्यंत 32 वर्षे उलटून गेली होती.

असे प्रकार गरीब देशातच घडतात, असे कोणी समजू नये. इथून जवळच, सरोवरापलीकडे सिएटलमध्ये, विद्यापीठाच्या रुग्णालयात 2000 साली एका रुग्णाच्या पोटात सुमारे 33 सेंटिमीटर लांबीचा धातूचा रिट्रॅक्टर, म्हणजे छेदाच्या कडा बाजूला धरून ठेवण्याचे हत्यार, राहून गेला. तो काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि रुग्णालयाने चूक मान्य करून 97,000 डॉलरची भरपाई दिली.

वास्तविक या अनर्थावरचा उपाय अत्यंत साधा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आणि पोट शिवण्यापूर्वी दोन परिचारिका प्रत्येक स्पंज, प्रत्येक सुई आणि प्रत्येक हत्यार मोठ्याने मोजतात, आकडा फळ्यावर मांडतात, आणि तो जुळला नाही तर शस्त्रक्रिया थांबते. परंतु ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावातून या देशात आले, त्या शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांनी सहकाऱ्यांसह 2003 साली अशा प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दिसले की तातडीच्या शस्त्रक्रियेत आणि ऐन वेळी बेत बदलावा लागला असता हा धोका अनेक पटींनी वाढतो. आणि जिथे मोजणी झाली होती, तिथेही बहुतेक कागदपत्रांत ‘मोजणी बरोबर’ अशीच नोंद होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेली 19 मुद्द्यांची पडताळणी सूची आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहण्यात आली. सिएटल आणि दिल्ली ही त्यांपैकी दोन शहरे. त्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण शेकडा 1.5 वरून 0.8 वर आले.

आता कायद्याकडे वळू. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिलेल्या शांता प्रकरणातील निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते आणि दोन वर्षांच्या मुदतीत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. जिथे सर्वांवर मोफत उपचार होतात, तिथे दिवाणी दाव्याचा मार्ग खुला राहतो. फौजदारी खटल्याला मात्र त्याच न्यायालयाच्या 2005 सालच्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे घोर हयगय दिसावी लागते. इकडे आपल्या वॉशिंग्टन राज्यात दावा लावण्यासाठी सर्वसाधारणपणे कृत्यापासून तीन वर्षे किंवा चूक उमगल्यापासून एक वर्ष, यांपैकी जी मुदत नंतर संपेल ती धरली जाते. आणि शरीरात परकी वस्तू राहून गेली असेल, तर रुग्णाला ती प्रत्यक्ष कळेपर्यंत मुदत धावत नाही. याच राज्यात, प्रमादानंतर 30 दिवसांच्या आत वैद्याने व्यक्त केलेली दिलगिरी दिवाणी दाव्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. विधिमंडळाने सत्य बोलणाऱ्याला एवढे अभय दिले असता मौनाला कोणती सबब उरते?

ज्या मोजदादीने रुग्णाचा जीव वाचतो, त्याच मोजदादीच्या प्रामाणिक नोंदीने त्याला न्याय मिळतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. म्हणून वैद्य होणाऱ्यांनो, आकडा जुळत नाही असे तुमच्या हाताखालची परिचारिका म्हणाली तर हात थांबवा, आणि चूक झालीच तर ती रुग्णाला वकिलाकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या. परिचारिकांनो, वरिष्ठांच्या घाईपुढे मोजणी सोडू नका. संगणकतज्ज्ञांनो, रुग्णालयांची दप्तरे उद्या तुम्ही रचाल. मोजणीच्या रकान्यात ‘बरोबर’ हा शब्द आपोआप उमटेल अशी सोय कधीही करू नका. आणि वकिलांनो, अशिलाला पहिल्याच भेटीत मुदत सांगा आणि कागदपत्रांच्या नकला मागवा, कारण उशिराने खरी फिर्यादही बुडते.

तुमच्या विद्येवर विसंबून उद्या अपरिचित माणसे शुद्ध हरपून तुमच्या स्वाधीन होतील. त्या विश्वासाला तुम्ही पात्र ठरा, ही मनःपूर्वक इच्छा व्यक्त करून मी तुम्हा सर्वांना यश चिंतितो.