व्यायाम कुणासाठी?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या निवासी शिबिरात आरोग्याच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



'नियमित व्यायामामागची माझी प्रेरणा' असा विषय मला दिलाय. तो ऐकून आमच्या घरात हसू पिकलं. कारण व्यायाम सुरू करण्याचा नव्हे, सोडण्याचाच माझा अनुभव दांडगा. तीनदा सुरू केला, तीनदा सोडला. चौथ्यांदा टिकला, त्याला आता पंधरा वर्षं होऊन गेली.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पेठेपेठेला तालीम. खासबागचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ साली ते सुरू झालं. व्यायामाला आमच्या गावात केवढा मान! पण कुणाच्या व्यायामाला? माझा थोरला भाऊ पहाटे तालमीत जायचा. त्याच्या खुराकाचं दूध तापवायचं, बदाम वाटायचे, त्याचा लंगोट धुवायचा, हे माझं काम. तालमीचा उंबरा मी कधी ओलांडला नाही. दुधाच्या पातेल्याची खरवड तेवढी माझ्या वाट्याला. आई म्हणायची, "तुला काय कुस्त्या मारायच्यात व्हय?" शरीर कमवायचं ते भावानं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं.

पुढं मी जो व्यायाम केला, तो कुणाच्या ना कुणाच्या सांगण्यावरून. दुसऱ्या बाळंतपणानंतर नवरा म्हणाला, "जरा कमी कर की." लावला योगाचा वर्ग, तीन आठवड्यांत सुटला. मग डॉक्टरांनी रक्तदाब पाहून वजन उतरवायला सांगितलं. दर रविवारी काट्यावर उभी राहायची, काटा हलेना, तोही सुटला. तिसऱ्यांदा लेकीचं लग्न होतं. फोटोत बरी दिसावी म्हणून दोन महिने घाम गाळला. लग्न उरकलं, व्यायामही उरकला.

२००९ साली आई न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा आधाराशिवाय चालली नाही. जन्मभर पाण्याच्या घागरी वाहिलेली, ढीगभर धुणं धुतलेली बाई. तिला संडासला न्यायला दोघी लागायच्या. दुखण्यापेक्षा तिला त्याचीच लाज वाटायची. त्याच सुमाराला आपल्या एका बैठकीत सतरंजीवरून उठताना मी शेजारणीच्या खांद्यावर हात टेकला. ती सहज म्हणाली, "काय हो, म्हाताऱ्या झालात का?" मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. त्या रात्री झोप लागली नाही.

आता इथं कुणीतरी म्हणेलच, दिवसभर उभं राहून मरमर राबतो, वर व्यायाम कशाला? मीही तेच म्हणायची. पण आईइतकं काम आपल्यापैकी कुणी केलंय? काम आपल्या शरीराच्या सोयीनं होत नसतं. तेच वाकणं, तेच उकिडवं बसणं, तेच सांधे, आणि दुखलं तरी थांबायची मुभा नाही. व्यायामात वजन किती, किती वेळा, कधी थांबायचं हे आपण ठरवतो. पाळी गेल्यावर काही वर्षं हाडांची झीज वेगानं होते. चालणं, जिने चढणं, बेतानं वजन उचलणं यानं ती झीज मंदावते. पाय बळकट झाले, तोल सांभाळता आला की पडण्याचा धोका कमी होतो.

मी सुरुवात केली खुर्चीपासून. हात न टेकता दहा वेळा उठायचं, दहा वेळा बसायचं. पहिल्या दिवशी चारच झाले. मग भिंतीला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं. महिन्याभरानं पहाटे साडेपाचला रंकाळ्याच्या काठानं चालायला लागले. घरात पहिला प्रश्न आला, "चहाचं काय?" नवऱ्यानं चहा शिकून घेतला. अजून साखर जास्त घालतो, पण करतो. खरं सांगू? हाडं, गुडघे हे सगळं मी लोकांना सांगते. पण पावसाळ्यातही मी अंथरूण सोडते ते वेगळ्याच कारणानं. त्या पाऊण तासात मला कुणी "अगं" म्हणून हाक मारत नाही.

वाटेत मोटारसायकलवरची पोरं ओरडायची, "काकू, ऑलिंपिकला का?" एकदा एकजण पार कोपऱ्यापर्यंत मागं आला. मग आम्ही पाचजणी मिळून जायला लागलो. एका पट्ट्यातले दिवे बंद असायचे. तीन अर्ज दिले, तेव्हा लागले.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी एकदा उत्साहानं म्हटलं, तुम्हीही चला. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं फिरणं होतंय, कारण तुमची भांडी मी घासते." मला उत्तर सुचलं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. आणि सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत काय दिसतं? घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. मिनिटं आहेत, ती कुणाकडे आहेत एवढाच प्रश्न. आता सकाळची भांडी आमच्याकडे नवरा घासतो. बाईंचा पगार कमी केला नाही. त्या चालायला येत नाहीत, त्यांचं चालणं भरपूर होतं. कंबरेचे तीन व्यायाम माझ्याकडून शिकून घेतलेत, ते झोपण्याआधी करतात. त्यांनी अजून एक सांगितलं, की त्यांना सर्वात आधी निजायला मिळायला हवं. ते मी आपल्या मागण्यांत लिहून ठेवलंय.

एक महत्त्वाचं. दोन पावलांत धाप लागत असेल तर तिला आळस म्हणू नका, आधी रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

उद्या पहाटे साडेपाचला मी फाटकाशी उभी असेन. पायात पट्ट्याची चप्पल घाला, साडी असली तरी चालेल. स्वयंपाकाची पाळी असलेल्यांनीही यायचंय. चहा सातला होईल, असं मी व्यवस्थापकांना सांगून ठेवलंय.