वैनगंगेचें पाणी आणि ढिवरांचा संसार

७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली आणि सुमारें ८०० टन तेल समुद्रांत सांडलें. तेलाचा तवंग पसरला कीं खालच्या पाण्यास हवा मिळेनाशी होते, तिवरांचीं मुळें गुदमरतात, जाळीं चिकट होऊन वायां जातात. परंतु याहून खोल घाव बाजारांत बसतो. मासळीस तेलाचा वास येतो असें लोकांच्या मनानें एकदां घेतलें, म्हणजे स्वच्छ पाण्यांतून आणलेली मासळीहि कोणी घेत नाहीं. कोळ्याचें जाळें थांबतें, तसा कोळणीचा व्यापारहि थांबतो.

समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या भंडारा जिल्ह्याचा या गोष्टीशीं काय संबंध, असें श्रोत्यांस वाटेल. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानें बांधलेल्या तलावांत आणि वैनगंगेच्या पात्रांत ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासे धरीत आला. पुरुषानें जाळें टाकावें व स्त्रीनें मासळी आठवडी बाजारांत विकावी, अशी येथील संसाराची जुनी वांटणी आहे.

या नदीवर तेलाचें जहाज येत नाहीं. येतें तें सांडपाणी. नागपूर शहराचा मळ नाग नदीनें कन्हानमध्यें व तेथून वैनगंगेंत उतरतो. पूर्वीं पावसाळ्याचा पूर तो वाहून नेई. पवनी तालुक्यांतील गोसेखुर्द येथें १९८८ सालीं कोनशिला बसलेल्या धरणानें पुढें पाणी अडविलें, आणि मळ जलाशयांतच सांचूं लागला. त्या मळावर जलपर्णी पोसते. ती तवंगाप्रमाणेंच पाण्यावर पसरते, खालीं कुजते आणि पाण्यांतील प्राणवायु संपविते. मग मासे कमी होतात, आणि जे सांपडतात त्यांकडे गिऱ्हाईक संशयानें पाहतें. जाळीं व मत्स्यबीज यांवरचा खर्च मात्र आधींच होऊन गेलेला असतो.

दोन्ही आपत्तींत एक मोठा भेद आहे. मुंबईच्या अपघातास तारीख होती, जहाजांस नांवें होतीं. म्हणून भरपाई कोणाकडे मागावी हें तरी ठरवितां आलें. वैनगंगेच्या पाण्यास असा एक दिवस नाहीं आणि एक अपराधी नाहीं. लक्षावधि घरांच्या मोऱ्यांतून तें रोज थोडथोडें नासतें. धरणांत शेत बुडालें तर त्याचा सात-बारा दाखवितां येतो. वाहत्या पाण्यावर जगणाऱ्यानें कोणता कागद दाखवावा? मासे विकणाऱ्या स्त्रीच्या बुडालेल्या कमाईची तर कोठेंच नोंद होत नाहीं.

नाग नदी शुद्ध करण्याच्या सुमारें १,९२७ कोटि रुपयांच्या योजनेस केंद्र सरकारची संमति मिळालेली आहे. सांडपाणी शुद्ध करूनच नदींत सोडणें हा तिचा मार्ग योग्यच होय. त्याबरोबरच नदीवर जगणाऱ्या कुटुंबांची, त्यांतील स्त्रियांसह, मोजणी व्हावयास हवी. ज्यांचें नुकसान कधीं लिहिलेंच गेलें नाहीं, त्यांना तें भरून कोण देणार?