पावसाळी रानातली रायफल



आषाढात दार फुगते आणि चौकटीत अडकून बसते, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. सुताराला बोलावावे तर तो म्हणतो, “आता रंधा मारू नका. पाऊस सरला की दार आपोआप मोकळे होईल.” तो सांगतो ते खरे असते. आज मी या फुगणाऱ्या लाकडाबद्दलच बोलणार आहे. मात्र हे लाकूड दाराचे नव्हे, रायफलीच्या दस्त्याचे आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. न्यूझीलंडची स्थिती निराळी आहे. त्या देशात हरिण मुळात नव्हतेच. एकोणिसाव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांनी लाल हरणे नेऊन सोडली. १९०५ साली अमेरिकेतून वॅपिटी जातीची मोठी हरणे आली. त्यांना खाणारे जनावर त्या रानात नाही. हरणे वाढली, कोवळी झाडे संपू लागली, आणि १९३० पासून सरकारलाच पगारी शिकारी नेमून त्यांची संख्या कमी करावी लागली. आजही तेथे परवाना काढून शिकार करता येते.

या शिकारीचा एक मोठा मुलूख म्हणजे दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य टोकाचे फ्योर्डलँड. तेथील मिलफर्ड साउंड येथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याची कल्पना येईल. पण आपला पाऊस चार महिन्यांचा, तेथला बारमाही. तेथे दिवाळी येऊन दार मोकळे होईल, अशी सोयच नाही!

आता रायफल घेऊ. लोखंडी नळी ज्या लाकडात बसवतात तो दस्ता. उत्तम दस्ता अक्रोडाचा. दिसायला देखणा, हाताला उबदार. पण लाकूड पाणी पिते. ते लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला मात्र फुगते, आणि सगळीकडे सारखे फुगत नाही, म्हणून पिळवटते. पिळवटलेला दस्ता नळीला एका बाजूने रेटू लागतो.

रेटून रेटून किती रेटणार, असे कुणी म्हणेल. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. नळी ६०० मिलिमीटर लांब आहे आणि तिचे तोंड अवघे ०.६ मिलिमीटर सरकले असे धरा. म्हणजे हजारात एक. मग २०० मीटरांवर गोळी २० सेंटिमीटर बाजूला जाईल. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा एखाद्या ताटलीएवढी. तिच्या मध्यावर नेम धरलेली गोळी २० सेंटिमीटर सरकली, तर ती पोटात किंवा पायात बसते. जखमी जनावर पावसात, दाट झाडीत पळून जाते आणि दिवसेंदिवस तळमळून मरते. नेम बरोबर होता. दस्ता फुगला होता. पण त्या मुक्या जिवाला त्याचे काय?

म्हणून अशा मुलखात कृत्रिम दस्ता बरा. ही कल्पना तशी जुनी आहे. रेमिंग्टन कंपनीने नायलॉनच्या दस्त्याची एक लहान रायफल १९५९ सालीच बाजारात आणली होती. आज काचतंतू आणि राळ यांचे दस्ते मिळतात. ते पाणी पीत नाहीत म्हटले तरी चालेल. पण प्लॅस्टिकचे म्हणजे चांगलेच, असे मात्र समजू नये. साच्यात ओतलेला स्वस्त दस्ता लवचिक असतो. हाताने दाबला तर तो नळीला टेकतो, म्हणजे फुगलेल्या लाकडाचाच दोष पुन्हा आला. शिवाय तो पोकळ असला तर फांदी लागताच डब्यासारखा वाजतो.

पारख सोपी आहे. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करावी. मग नळी आणि दस्त्याचा पुढचा भाग यांमध्ये कागदाची पट्टी घालून मागे सरकवावी. पट्टी मोकळी फिरली पाहिजे. दस्ता दाबून धरला तरीही फिरली पाहिजे. नळी न गंजणाऱ्या पोलादाची असावी. त्या पोलादात क्रोमियम असते, त्याचा पातळ थर पृष्ठभाग राखतो. तरीही “न गंजणारे” म्हणजे “कधीच न गंजणारे” नव्हे, बरं का! मुक्कामावर आल्यावर पुसणे आणि तेलाचा हात फिरवणे चुकत नाही. नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावली म्हणजे पाणी आणि चिखल आत जात नाही. चिखलाने बुजलेली नळी गोळी सुटताना फुटू शकते, आणि मग धोका शिकाऱ्यालाच.

याचा अर्थ लाकूड वाईट असा नाही. कोरड्या मुलखात अक्रोडाचा दस्ता पिढ्यान् पिढ्या टिकतो. आपला गाडीवान सैल झालेले चाक पाण्यात ठेवतो आणि फुगलेल्या लाकडाने धाव पुन्हा घट्ट बसते. जो गुण चाकाला तारतो, तोच रायफलीला मारतो. गुणदोष वस्तूत असतात त्याहून अधिक जागेत असतात.

तेव्हा हत्यार असो, अवजार असो, की शाळेचे दार असो. ते जेथे वापरायचे तेथले पाऊसपाणी आधी पाहावे आणि मग निवड करावी. रायफलीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण तेथे आपल्या चुकीची शिक्षा दुसरा जीव भोगतो.