पाठीवरचें ओझें

हिंवाळा सुरू झाला, कीं पुण्यामुंबईच्या तरुण मंडळींना गडकिल्ल्यांची ओढ लागते. आणि हल्लीं निघण्यापूर्वीं घरोघर एक नवाच वाद ऐकूं येतो. एक म्हणतो, तंबू दीड किलोचाच हवा. दुसरा म्हणतो, तीन किलोंचा असला म्हणून काय बिघडलें? वडील माणसें किमतीचा आकडा ऐकतात आणि स्वस्थ बसतात.

श्रोतेहो, हलक्या सामानाच्या पुरस्कर्त्यांनीं एक मर्यादा ठरविली आहे. अन्न, पाणी व इंधन वगळून बाकीचें सर्व सामान साधारण साडेचार किलोंच्या आंत बसवावयाचें. हा हट्ट निव्वळ हौसेचा नव्हे. चढावर दम पुरतो. आणि उतारावर, जेथें गुडघ्यांची खरी परीक्षा होते, तेथें पाऊल ताब्यांत राहतें. माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसाला हें पटविण्यास पुराव्याची गरज नाहीं.

परंतु जें वजन कमी होतें, तें कशाच्या तरी मोबदल्यांत होतें. पहिला किलो स्वस्तांत सुटतो. शेवटचे दोनशें ग्रॅम मात्र फार महाग पडतात. वीस डेनियरचें तलम नायलॉन करवंदीच्या जाळींत सहज फाटतें. तें ओलें झालें कीं सैल पडतें, म्हणून संध्याकाळीं ताणून बांधलेला तंबू मध्यरात्रीं पोट सोडतो आणि उठून दोऱ्या पुन्हां ओढाव्या लागतात. एकेरी कापडाच्या तंबूंत आपल्याच श्वासाची वाफ आंतल्या बाजूस जमून अंथरुणावर ठिबकते. पिसांची स्लीपिंग बॅग वजनाच्या मानानें सर्वांत उबदार खरी. पण पिसें भिजलीं कीं त्यांचे गोळे होतात आणि ऊब नाहींशी होते. पावसाळ्यांत आपल्या घाटमाथ्यावर ती न नेलेलीच बरी. कृत्रिम तंतूंची थोडी जड पडली तरी भिजल्यावरही कांहीं ऊब राखते. तात्पर्य, हलकें सामान जाणत्याच्या हातीं शोभतें. नवख्यानें तें आधीं विकत घ्यावें आणि अनुभव मागाहून, हा उलटा क्रम आहे.

या पंथाचे लोक अमेरिकेंतील एमा गेटवुड या आजीबाईंचें नांव आदरानें घेतात. १९५५ सालीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, अकरा मुलांच्या या मातेनें अ‍ॅपलेशियन पर्वतांतील दोन हजार मैलांहून लांब पायवाट एकटीनें पार केली. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर घरीं शिवलेली पिशवी, पांघरावयास कांबळें आणि पावसासाठीं स्नानगृहांतला प्लास्टिकचा पडदा. तंबू नाहींच! गोष्ट खरी आहे. पण सांगणारे तिचें एक अंग विसरतात. बाईंनीं कित्येक रात्रीं वाटेवरील निवाऱ्यांत आणि अनोळखी लोकांच्या घरीं काढल्या. त्यांच्या पिशवींत जें नव्हतें, तें वाटेवर होतें.

आपल्या सह्याद्रींतही वाटेवर पुष्कळ कांहीं आहे. हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत, राजगडच्या पद्मावतीच्या देवळांत, पायथ्याच्या एखाद्या पडवींत आजवर किती जणांनीं रात्र काढली असेल! मुक्कामाची परवानगी आहे कीं नाहीं, एवढें मात्र आधीं विचारून घ्यावें. मग तंबू लागतोच कीं नाहीं, हें ठरवावें. उलट पाण्याची गोष्ट. फाल्गुन सरला कीं गडांवरचीं कित्येक टांकीं आटतात, आणि माणशीं चार लिटर पाणी खालून न्यावें लागतें. तें चार किलो होतें. कोणत्याही दुकानांत हलकें पाणी मिळत नाहीं. तंबूंत वांचविलेला दीड किलो येथें कारणीं लागतो.

भीति वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ग्रॅम मोजण्याची संवय जडली कीं हात हळूंहळूं औषधांच्या डबीकडे, लोकरीच्या स्वेटरकडे, दुसऱ्या बॅटरीकडे वळतो. माथ्यावर अंग भिजलें आणि वारा सुटला, तर शरीराची ऊब झपाट्यानें उतरते. प्रथम हुडहुडी भरते, मग बोलणें अडखळतें, आणि पुढें स्वतःचें स्वतःला समजेनासें होतें. ऐन वेळीं कोरडे कपडे पिशवींत नसले, तर सोबत्यांनीं करावें काय? या तीन वस्तु मुलांच्या पिशवींत आहेत ना, तेवढें घरच्यांनीं निघतांना पाहावें. नवा तंबू एकदां गच्चीवर उभारून त्याच्या शिवणींवर चार बादल्या पाणी ओतावें, आणि ज्यांना त्यांत झोंपावयाचें आहे, त्यांनाच त्या वेळीं आंत बसवावें.