कंपवात आणि व्यायामोपचार

जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली ज्या विकाराचे वर्णन केले, तो आपल्याकडे कंपवात म्हणून परिचित आहे. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण होत जातात आणि हालचाली मंदावतात. हाताचा कंप चारचौघांच्या नजरेत भरतो. अधिक धोका मात्र तोल जाण्याचा. औषधांनी ताठरपणा बराच आटोक्यात येतो, तोल तितकासा सावरत नाही.

अमेरिकेतील ओरेगॉन येथील १९५ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ताई ची हा संथ चिनी व्यायाम आठवड्यातून दोनदा, याप्रमाणे २४ आठवडे करणाऱ्यांचा तोल सुधारला. केवळ अंग ताणणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

निरोगी माणूस नकळत चालतो. कंपवातात मात्र चालण्याकडे लक्ष पुरवावे लागते. म्हणूनच कोणी हाक मारली, की पाऊल अडखळते. उंबरठ्याशी तर पाय खिळून राहतात. अशा वेळी जमिनीवर आखलेली पट्टी ओलांडणे किंवा 'एक-दोन' म्हणत ठेक्यात पाऊल टाकणे उपयोगी पडते. पुढे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली चालता चालता उलटे अंक मोजण्याचा सराव करवितात. त्यात पाय आणि बुद्धी या दोहोंचा कस लागतो.

घरची मंडळी मायेपोटी रुग्णास बसवून ठेवतात. ही माया महागात पडते. स्नायू दुबळे होतात, पडण्याची भीती वाढते. औषधाचा अंमल असताना, भक्कम आधाराजवळ, सोबतीला कोणी असताना व्यायाम करावा. वारंवार तोल जात असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे.