तोफेचा आकडा आणि इतिहासाचे सत्य

(मुंबईच्या पूर्व उपनगरात विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मुलुंड-घाटकोपर असो वा अंधेरी-बोरिवली, आज घरोघरी संगणक आहे आणि त्या संगणकावर युद्धाचे खेळ आहेत. त्यांतील काही खेळ केवळ ठोकाठोकीचे असतात. काही मात्र इतिहासाचा आधार घेऊन रचलेले असतात. २००९ साली निघालेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळात ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या पंक्तीला मराठ्यांची सत्ताही आहे. खेळणाऱ्याने मराठ्यांची बाजू घ्यावी, सैन्य उभारावे, तोफा ओताव्यात आणि रणांगणात उतरावे, अशी त्याची योजना आहे.

या खेळांतील प्रत्येक शस्त्राचे गुण आकड्यांच्या तक्त्यांत साठवलेले असतात. तोफेचा पल्ला किती, नेम किती अचूक, एक गोळा डागल्यावर पुन्हा बार भरण्यास लागणारा वेळ किती, हे सारे त्या तक्त्यांत असते. थोडी खटपट करणाऱ्या मुलाला हे आकडे बदलता येतात. समजा, बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीतील महाविद्यालयीन तरुण मराठ्यांची बाजू घेऊन खेळतो आहे. त्याची लढाई वारंवार हरते. तो चिडतो, तक्ता उघडतो आणि मराठी तोफेचा आकडा दुप्पट करतो. मग पडद्यावर शत्रूच्या पलटणी धुळीस मिळतात आणि त्याला समाधान वाटते. त्याच्या मनातील स्वाभिमान खोटा नाही. परंतु त्याने बदललेला आकडा खरा आहे काय, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

युद्धाचा खेळ ही मुळात करमणूक नव्हती. १८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातील राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे यांच्या साह्याने असा खेळ सिद्ध केला आणि प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. कोणत्या अंतरावरून तोफ किती हानी करील, याचे तक्ते त्याने प्रत्यक्ष गोळाबारीच्या चाचण्यांवरून बांधले होते. आकडा खरा असेल तरच खेळणारा काही शिकेल, ही त्यामागील दृष्टी होती. आपल्या तरुणांनीही आकडा अवश्य बदलावा. मात्र तो इतिहासाची साक्ष काढून बदलावा. ती साक्ष काढण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही.

आज ज्या भूमीवर ही उपनगरे वसली आहेत, ती साष्टी. दोन शतके ती पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकले आणि साष्टीत पाय रोवला. १७३९ च्या आरंभी वेसाव्याच्या खाडीच्या मुखावरील मढचा किल्लाही त्यांच्या हाती आला. त्यानंतर चिमाजीअप्पांनी वसईला निर्वाणीचा वेढा घातला. वसईच्या तीन बाजूंना पाणी आणि उरलेल्या बाजूला भक्कम बुरुज. मराठ्यांच्या तोफा अहोरात्र धडाडल्या, पण केवळ तोफांनी तो तट पडला नाही. अखेर तटाखाली सुरुंग पेरावे लागले. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत, काहींनी आपल्याच माणसांचा घास घेतला. तरीही मावळे पुन्हा पुन्हा खिंडाराला भिडले आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. खेळातील तोफेचा आकडा वाढवून ही वसई जिंकली, तर सुरुंग खणणारा बेलदार आणि खिंडारात पडलेला मावळा या दोघांचाही इतिहासातून लोप होतो. आपल्या पूर्वजांना मोठे करण्याच्या भरात त्यांचा खरा पराक्रमच पुसला जातो.

दुसरी साक्ष पानिपतची. १७६० साली उदगीरला निजामाविरुद्ध इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा प्रभाव भाऊसाहेबांनी पाहिला होता. त्याच तोफखान्याच्या भरवशावर, गोल करून लढण्याचा बेत त्यांनी आखला. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी डाव्या बगलेवर गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडविली. तोफेने आपले काम चोख केले. परंतु गोलाची शिस्त मोडून काही घोडदळ पुढे धावले आणि आपलेच स्वार आपल्याच तोफांच्या माऱ्यात आले. तोफांना गप्प बसावे लागले. शिवाय मराठी तोफा अवजड होत्या, एका जागी बसलेल्या होत्या. उलट अब्दालीपाशी उंटांवरील जंबुरके होती. पाहिजे तेव्हा, पाहिजे तेथे ती नेता येत. त्यातच अनेक दिवसांची उपासमार होती. इब्राहिमखान अखेरपर्यंत भाऊंशी एकनिष्ठ राहिला आणि शत्रूच्या हाती सापडून त्या निष्ठेपायी मारला गेला. पानिपतचा खेळ रचणाऱ्याने मराठी तोफेचा मारा कमी दाखवू नये. त्याने तिची हालचाल मंद दाखवावी, सैनिकांची थकावट अधिक दाखवावी आणि आपले घोडदळ आड आले की तोफ बंद पडेल असा नियम घालावा. असे केले, म्हणजे भाऊसाहेबांपुढे त्या दिवशी कोणते संकट होते, ते खेळणाऱ्याला उमजेल.

तिसरी साक्ष सर्वांत बोलकी आणि सर्वांत कटू आहे. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी योग्य तो बोध घेतला. द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीच्या साह्याने त्यांनी कवायती पलटणी उभारल्या आणि उत्तरेत तोफा ओतण्याचे कारखाने घातले. मराठ्यांना तोफांचे शास्त्र कधी साधलेच नाही, हा इंग्रजी इतिहासलेखनातून रूढ झालेला समज किती पोकळ आहे, याचे उत्तर मराठवाड्यातील असईच्या मैदानात मिळते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल वेलस्लीने तेथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्यावर चाल केली. मराठ्यांच्या तोफा सुमारे १०० होत्या. त्यांच्या माऱ्याने वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज टिपले गेले आणि त्याच्या बहुतेक तोफा मागे पडल्या. त्याची ७४ वी गोरी पलटण जवळजवळ नष्ट झाली. एका दिवसात वेलस्लीचे सुमारे १,५८० लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. मराठी गोलंदाज संगिनी अंगावर येईपर्यंत तोफा सोडून हलले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे जाताच उठून त्यांच्या पाठीवर त्याच तोफा डागू लागले. पुढे याच वेलस्लीने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. तरीही आपली सर्वोत्तम लढाई म्हणून तो असईचेच नाव घेत असे.

मग असई हरली का? तोफा कमी पडल्या म्हणून नव्हे. दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले लढाईचा निकाल लागण्यापूर्वीच रणांगणातून निघून गेले. हजारोंचे घोडदळ निर्णायक क्षणी उपयोगी पडले नाही. पलटणींची सूत्रे पगारी परकीय अधिकाऱ्यांच्या हाती होती. त्यांतील अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनी कंपनीच्या जाहीरनाम्याला प्रतिसाद देऊन ऐन युद्धाच्या तोंडावर शिंद्यांची चाकरी सोडली होती. होळकर तर या युद्धात तटस्थच राहिले. मराठ्यांच्या ९८ तोफा शत्रूच्या हाती पडल्या, त्या बहुतांशी अशा कारणांनी.

म्हणून असईचा खेळ दुरुस्त करू इच्छिणाऱ्या तरुणाने मराठी तोफेचा आकडा निःशंकपणे इंग्रजी तोफेच्या बरोबरीला, किंबहुना वर न्यावा. इतिहास त्याला तसा अधिकार देतो. मात्र त्याच वेळी त्याने सेनापतीच्या तक्त्यातील आकडा खाली आणावा, सरदारांच्या परस्पर सहकार्याचा आकडा त्याहून खाली आणावा. पहिला बदल करताना अभिमान वाटेल. दुसरा करताना हात थरथरेल. परंतु दुसरा बदल टाळून केलेला पहिला बदल म्हणजे आत्मवंचना होय. शस्त्र उत्तम असूनही संघटन नसले की राज्य जाते, हा असईचा धडा आहे, आणि तो ज्या पिढीला कळणार नाही, तिला उद्याच्या संकटात तो पुन्हा रक्त देऊन शिकावा लागेल.

स्वतंत्र भारताने हा धडा गिरविला आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख तोफगोळे व अग्निबाण शत्रूवर डागले. त्या माऱ्याच्या छत्राखाली पायदळाचे जवान कडे चढून गेले आणि पायदळाबरोबर चढलेल्या तोफखान्याच्या निरीक्षकांनी प्रत्येक गोळ्याला दिशा दिली. पानिपतला जो मेळ साधला नाही, तो येथे साधला. 'पिनाक'सारखी अग्निबाणप्रणाली तर पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी सिद्ध केली. ती घडविण्यासाठी परक्या द बॉयनची गरज लागली नाही.

पालकांनी या खेळांवर केवळ डोळे वटारू नयेत. एखाद्या रविवारी मुलाला घेऊन बोरिवलीहून गाडीने वसईला जावे आणि किल्ल्याचा तट त्याला हात लावून पाहू द्यावा. दिवाळीच्या सुट्टीत जमल्यास जालना जिल्ह्यातील असई दाखवावी. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या शेतांत उभे राहून तोफा कोठे असतील, याचा विचार त्यालाच करू द्यावा. घरी परतल्यावर त्याने पुन्हा तक्ता उघडला, तर त्याला थांबवू नये. त्या वेळी तो कोणता आकडा वाढवितो आणि कोणता कमी करतो, एवढे मात्र शेजारी बसून अवश्य पाहावे.