धावत्या प्रोग्रॅममधल्या खुणा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पाटण खोरे हादरले, तेव्हा धरणाच्या आतल्या गॅलरीत एक त्वरणमापक आधीच बसवलेला होता. एरवी तो स्वस्थ असे, हादरा बसला की नोंद घेई. त्या पहाटेचा त्याचा आलेख धरणांचे अभियंते आजही जगभर अभ्यासतात. भूकंपानंतर यंत्र बसवून तो मिळाला नसता!

संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही अशी सोय आधीच करावी लागते. समजा, दिवाळीच्या गर्दीत तिकिटांच्या आरक्षणाचा सर्व्हर अडखळला. तो बंद करून तपासता येत नाही आणि गर्दी ओसरली की दोष दिसत नाही. प्रोग्रॅमला पावलोपावली नोंदी लिहायला लावाव्यात, तर त्यानेच काम मंदावते.

माँट्रियलच्या मॅथ्यू देनवाये यांनी यासाठी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ‘मार्कर’ आणले. जानेवारी २००८ मधल्या २.६.२४ या आवृत्तीत ते आले. प्रोग्रॅम लिहितानाच मोक्याच्या जागी खूण ठेवायची, तिला नाव द्यायचे आणि तिथली कोणती माहिती टिपायची ते ठरवायचे. खूण बंद असताना तिचा भार जवळजवळ शून्य हवा. पुढे तर अशा जागी प्रोसेसरला ‘काही करू नकोस’ एवढेच सांगणारी सूचना ठेवू लागले. खूण चालू करताच चालत्या कर्नलमध्येच ती सूचना बदलते.

बाहेरून हवी तिथे खूण घालणारे ‘केप्रोब्ज’ २००४ पासून होतेच. पण नव्या आवृत्तीत ओळी सरकतात आणि बाहेरची खूण चुकते. आतली खूण मात्र ओळींबरोबर सरकते.

मार्करमध्ये एक उणीव होती. टिपायच्या माहितीचे वर्णन नुसत्या मजकुरात असे, त्याची पडताळणी नीट होत नसे. म्हणून २००८ अखेर ‘ट्रेसपॉइंट’ आले आणि २००९ मध्ये मार्कर काढून टाकले. पण ट्रेसपॉइंटचाही एक जाच आहे. विजेचा वापर दाखवणारा ‘पॉवरटॉप’ त्यांच्यावर विसंबू लागला, तेव्हा त्यांची रचना बदलणे अवघड झाले. एकदा लावलेली खूण लोकांच्या वहिवाटीची होते, म्हणा ना!

म्हणून खुणा मोजक्याच असाव्यात, असे माझे मत. आरक्षणाच्या प्रोग्रॅममध्ये मी तीनच ठेवीन: मागणी आली, आसन राखले, पैसे जमा झाले. नावे कामाची द्यावीत, आतल्या फंक्शनची नव्हेत. फंक्शन उद्या बदलेल. प्रत्येक खुणेबरोबर मागणीचा क्रमांक आणि वेळ टिपली, की गाडी कुठल्या दोन खुणांमध्ये अडली ते भर गर्दीतच कळते.